सलाला सरळ समोरच आहे : परदेशी जाण्याआधी तिथली भूमी, बोली आणि रीत कशी शिकावी?

कातळसडा
नमस्कार मंडळी,

रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि ओमानच्या धोफार प्रांतातलं सलालाही १७ वरच आहे. मांडवीच्या जेटीवर उभं राहून नाक अगदी पश्चिमेला धरलं, तर सुमारे २,००० किलोमीटर पाण्यापलीकडे पहिली जमीन लागते ती सलालाच्याच परिसरातली. मधे एक बेटसुद्धा नाही.

लावणी आटपून, गणपतीच्या आधी परत यायचं अशा बेताने वाडीतली ११ माणसं ऑगस्टमध्ये तिथे जायचं म्हणताहेत. पाच दिवस सलाला, तीन दिवस मस्कत आणि निझवा. वयं ४० ते ७०. दोघांना देवनागरीखेरीज दुसरी लिपी वाचता येत नाही. हाताशी सहा आठवडे आहेत.

प्रवास ठरवणारे ठिकाणांची यादी देतात, पण अमुक डोंगर हिरवा का आणि त्याच्या मागचा उघडा का, हे त्यात नसतं. माझं ठाम मत असं की भूमी, भाषा आणि रीतभात या तिन्हींची ओळख घरूनच करून निघावं. नाहीतर माणूस जाऊन फोटो घेऊन येतो, बाकी काही नाही. प्रश्न एवढाच, की यातलं आधी काय आणि किती? जाणकारांनी मनावर घ्यावं.

खाजण
सुरुवात भूमीपासून करा. कोऱ्या कागदावर आधी आपला आडवा छेद काढा : समुद्र, पुळण, खाजण, वर जांभ्याचा सडा, मग सह्याद्री, आणि घाट चढला की देश. आता त्याच्याच खाली धोफारचा काढा : समुद्र, सलालाचं सपाट मैदान, मग कारा डोंगर, त्याच्या मागे नज्द नावाचा कोरडा पट्टा, आणि पुढे रुब अल खाली, म्हणजे वाळूचं रिकामं वाळवंट. दोन्हीकडे समुद्राकडची उतरण हिरवी, पाठीमागचा भाग पर्जन्यछायेत. फरक एवढाच की आपला देश कोरडा म्हटला तरी तिथे ज्वारी होते. तिकडे डोंगर ओलांडला की गवताची काडी दिसायची बंद होते.

मग विचारा, वारा एकच, नैऋत्य मोसमी, तर रत्नागिरीला वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस आणि सलालाला सरासरी १५० च्या आत, असं का? तो वारा धोफारच्या किनाऱ्याला जवळजवळ समांतर वाहतो. त्यामुळे वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून दूर सारलं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं. त्यावरून येणारी दमट हवा गार होऊन तिचं धुकं होतं. वरून वाळवंटाची गरम, कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते, म्हणून ढगाला उंच वाढायला जागाच मिळत नाही. आपल्याकडे तोच वारा शेकडो मैल कोमट समुद्रावरून येऊन सह्याद्रीला थडकतो आणि ओततो. तिकडे नुसती भुरभुर. डोंगरावरची झाडं पानांवर धुकं अडवतात, ते थेंब थेंब मुळाशी गळतं आणि त्या पाण्यावर रान जगतं.

एवढं समजून गेलात तर छत्रीची अपेक्षा आणि रेनकोटचं ओझं दोन्ही कमी होईल. पातळ वाराबंद जाकीट पुरतं. ऑगस्टमध्ये सलालाला हवा पंचविशीच्या आसपास, मस्कतला त्याच दिवशी चाळिशी. कपडे दोन हवांचे घ्या.

सुरंगी
त्या धुक्याच्या मोसमाला तिथे 'खरीफ' म्हणतात. आपला खरीप हंगाम तो हाच शब्द. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबी म्हणजे वसंत. तलाठ्याच्या दप्तरातले दोन्ही हंगाम त्याच मुलखातून आले. धोफारचा खरीफ २१ जून ते २१ सप्टेंबर धरतात.

वाडीतल्या वडीलधाऱ्यांना आधी हा एक शब्द सांगा, पुढची भाषा त्यांना परकी वाटणार नाही.

नाखवा
सुरंगीताईंना अनुमोदन, आणि भर घालतो ती दर्यावरच्या शब्दांची. सुकाणू हा अरबी 'सुक्कान'. खलाशी 'खलासी'. आपण नाखवा म्हणतो तो मूळ फारसी नाखुदा, ओमानी त्याला नोखदा म्हणतात. बंदर दोन्हीकडे बंदरच. मोसमी वाऱ्यातला मोसम म्हणजे अरबी 'मौसिम', ठरलेला काळ. गलबतं हाकारायचा काळ.

घरात या. साबण (साबून), कुलूप (कुफ्ल), दुकान (दुक्कान), हिशोब (हिसाब), वजन (वझन), तारीख, खबर, हवा. आणि हापूसचं कलम! अरबीत कलम म्हणजे बोरूची लेखणी. बोरू जसा तिरका छाटतात तशीच काडी तिरकी छाटून खुंटावर बांधतात. दर चैत्रात कलमांच्या बागेत उभा राहणारा माणूस हा शब्द विसरूच शकत नाही.

असे ४०-५० शब्द प्रत्येकाला आधीच येताहेत. वहीच्या डाव्या बाजूला आपला उच्चार, उजवीकडे त्यांचा. अभ्यासाची सुरुवात कोऱ्या पाटीपासून करायची गरज नाही.

देवगड_५
शब्दांची गंमत मान्य, पण सहा आठवड्यांतले चार भाषेवर घालवायला माझा विरोध आहे. मस्कतमध्ये टॅक्सी, हॉटेल, दुकान, सगळीकडे हिंदी चालते. मल्याळी आणि बंगाली माणसं जागोजागी. रस्त्यावरच्या पाट्या अरबी आणि इंग्रजी दोन्हींत. तोच वेळ रस्ते, हवामान आणि कागदपत्रांवर घालवा. ७० वर्षांच्या माणसाला अरबीतला 'ऐन' हा घशातला उच्चार शिकवून काय साधणार?

सुरंगी
देवगडकर, दुकानातलं काम हिंदीत होईल हे खरंच. पण दुकानदार बहुतेकदा केरळचा असतो. ओमानी माणूस भेटतो तो बाजाराच्या कट्ट्यावर, फलजाच्या (म्हणजे तिथल्या पाण्याच्या पाटाच्या) काठी, गाडी थांबवून रस्ता विचारताना. तिथे 'अस्सलामु अलैकुम' म्हटल्याशिवाय थेट प्रश्न विचारणं हे बेअदबीचं मानतात. आधी सलाम, मग 'कैफ हालक', मग काम. पुरुषाला 'हालक', बाईला 'हालिक'. हे उलटं झालं की लोक गालात हसतात, पण राग धरत नाहीत.

ओमानी माणसं भेटली की एकमेकांना 'शे अख्बार? शे उलूम?' विचारतात, म्हणजे काय खबर, काय वार्ता. उत्तर ठरलेलं : 'अल्हम्दुलिल्ला', सगळं ठीक. हे दोन-तीन वेळा इकडून तिकडे होतं. मालवणात 'काय, बरा मां?' 'बरा आसा' होतं तसंच. खरी माहिती नंतर येते. ज्याला हे ठाऊक नाही तो पहिल्या 'अख्बार'लाच आपल्या प्रवासाची कहाणी सांगत बसतो.

खाजण
सारखे दिसणारे शब्द दगा देतात, त्यांची वेगळी यादी करा. 'गरीब' म्हणजे अरबीत परका किंवा विचित्र. कोणाला 'तो गरीब आहे' म्हणायला जाल आणि भलताच अर्थ होईल. 'रक्कम' ऐकलंत तर पैसे नव्हे, नंबर (रकम). 'मकान' म्हणजे जागा, घर नव्हे, घर 'बैत'. 'जुलूस' म्हणजे बसणं, मिरवणूक नव्हे.

आणि धोफारच्या डोंगरात जुनी माणसं आपसात अरबी बोलतच नाहीत. त्यांची शेहरी, जिला जिब्बालीही म्हणतात, ही अरबीहून वेगळी, दक्षिण अरबस्तानची जुनी भाषा आहे. पुढे वाळवंटाकडे मेहरी. मस्कतमध्ये स्वाहिली आणि बलुचीही कानावर पडतील, कारण झांजिबार आणि मकरानचा किनारा एकेकाळी ओमानच्याच सत्तेखाली होता. सगळ्यांना एका अरबीत कोंबू नका.

अबोली_दापोली
ज्या दोघांना दुसरी लिपी येत नाही त्यांच्यासाठी अक्षरं सोडा, फक्त आकडे शिकवा. दहा आकडे, दोन संध्याकाळी. एक, दोन, तीन बरेचसे आपल्यासारखेच. घोटाळा होतो तो इथे : त्यांचा ५ हा आपल्या शून्यासारखा गोल असतो आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. म्हणजे ५० ची पाटी आपल्या डोळ्याला शून्य आणि ठिपका अशी दिसते. ७ म्हणजे वर उघडा कोन, ८ म्हणजे तोच पालथा. अक्षरं उजवीकडून डावीकडे असली तरी आकडे डावीकडून उजवीकडेच वाचायचे.

मग पैसे. एका रियालचे १,००० बैसा. बैसा म्हणजे आपला पैसाच. १९७० पर्यंत तिथे रुपयाच चालत होता, रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला वेगळा. १,००० मुळे किमतीत दशांश चिन्हानंतर तीन आकडे येतात. १.२५० म्हणजे सव्वा रियाल, बाराशे पन्नास नव्हे. एक रियाल २०० रुपयांहून जास्त, त्यामुळे '२ रियाल, स्वस्त आहे' ही सवय लागू देऊ नका. १०० बैसाच्या नोटाही असतात, सुट्ट्यासाठी त्या जपून ठेवा.

घड्याळ दीड तास मागे. सुट्टी शुक्रवार-शनिवार. शुक्रवारी नमाज होईपर्यंत दुकानं बंद, आणि एरवीही दुपारी एक ते चार बरीच दुकानं ओढलेली. दुपारची खरेदी ठरवलीत तर दिवस वाया जाईल.

पाटपाणी
निझव्याला जाणार आहात तर 'फलज' समजून घेतल्याशिवाय जाऊ नका. आपल्याकडे डोंगराच्या झऱ्याचं पाणी पाटाने, पन्हळीने आगरात आणतात, पोफळीला फिरवतात. हे त्याचं थोरलं भावंड. ओमानमधल्या पाच फलजांना युनेस्कोने २००६ साली जागतिक वारसा म्हटलं, त्यातला फलज दारिस निझव्यालाच आहे.

तीन प्रकार. दाऊदी : डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणून भूजल गाठतात आणि तिथून जमिनीखालून बोगद्याने, अगदी अल्प उताराने, कित्येक किलोमीटर आणतात. ऐनी : झऱ्यातून. घैली : ओढ्याच्या वाहत्या पाण्यातून, म्हणून ओढा आटला की तोही आटतो. गावात पाणी शिरलं की आधी पिण्याचं, मग मशिदीचं आणि न्हाण्याचं, मग खजुरीच्या बागा, आणि सर्वात शेवटी हंगामी शेत. पाण्याचे वाटे वेळेवर. दिवसा उभ्या काठीच्या सावलीवर आणि रात्री ताऱ्यांवर मोजत. ज्यांच्या घरी पाटाच्या पाळ्या असतात त्यांना हे एका वाक्यात कळेल.

पाहताना : बारा ठिकाणी फिरू नका. एका फलजाच्या काठाने पाण्याच्या दिशेने अर्धा तास चाला आणि दगड घालून पाणी कुठे वळवलंय, कापडाचा बोळा कुठे कोंबलाय ते पाहा. आणि पिण्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला पाय धुवू नका.

देवगड_५
पाटपाणी, हे वाचून भाषेबद्दलचं मत थोडं मऊ केलं. पाटाच्या पाळीबद्दल बोलायचं असेल तर तिथल्या शेतकऱ्याशीच बोलायला हवं, आणि तो मल्याळी नसणार.

शिरवाळे
रीतभातीचा मुद्दा कोणी नीट घेतला नाही म्हणून लिहिते.

घरी किंवा कचेरीत गेलात की खजूर आणि काहवा येणारच. काहवा म्हणजे वेलची घातलेली, बिनदुधाची, बिनसाखरेची पातळ कॉफी, गोडवा खजुराचा. वाढणारा डाव्या हाताने भांडं धरतो आणि उजव्याने कप पुढे करतो. कप, म्हणजे फिंजान, बिनकानाचा आणि वाटीपेक्षा लहान. त्यात तळाशी थोडीशीच ओततात. उजव्या हातानेच घ्यायचा. पहिला नाकारायचा नाही. तुम्ही रिकामा कप पुढे केलात की तो पुन्हा भरणार, तोंडाने 'पुरे, पुरे' म्हटलं तरी भरणार. बस्स सांगायचं असेल तर कप दोन बोटांत धरून मनगटातून डावीकडे-उजवीकडे दोन-तीनदा हलवायचा आणि परत द्यायचा. एक ते तीन कप ठीक. ही हालचाल ११ जणांनी घरी वाटीने करून पाहावी, वाचून जमत नाही.

बैठकीत चपला बाहेर. मांडी घालून बसणं आपल्याला अवघड नाही, पण पाय लांब करून तळवे समोरच्याकडे करू नयेत. गुडघे दुखणाऱ्यांनी भिंतीशी जागा घ्यावी आणि पाय एका बाजूला दुमडावे. बाईने हात पुढे केला तरच हात मिळवायचा, नाहीतर उजवा हात छातीवर. विचारल्याशिवाय माणसांचे, विशेषतः बायकांचे फोटो नाहीत.

पुरुषांच्या पांढऱ्या डिशदाशाला, म्हणजे लांब झग्याला, गळ्याशी एक गोंडा लोंबतो, त्याला फराखा म्हणतात. तो अत्तरात बुडवलेला असतो. डोक्यावरची कुम्मा टोपी पाहायला मिळाली तर जवळून पाहा : नक्षी म्हणजे शेकडो बारीक भोकं, प्रत्येक भोकाभोवती हाताने घातलेला टाका. भोकांतून हवा खेळते.

मस्कतच्या सुलतान काबूस मशिदीत इतर धर्मीयांना शनिवार ते गुरुवार सकाळी ८ ते ११ एवढाच वेळ. बायकांनी केस, मनगट आणि घोट्यापर्यंत पाय झाकायचे. आपल्या साडीवर पूर्ण बाह्यांचा ब्लाउज किंवा शाल लागेल. पोट उघडं राहता नये. पंजाबी ड्रेस आणि मोठी ओढणी सर्वात सोपं.

नाखवा
@शिरवाळे, मालवणी पाहुणा तिसऱ्या कपाला हलवेल याची हमी नाही, खजूर समोर असताना तर नाहीच :)

अबोली_दापोली
पिशवीबद्दल दोन गोष्टी, कारण कोकणी माणूस खाऊ नेल्याशिवाय घर सोडत नाही.

दुबईत विमान बदलणार असाल तर खसखस अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातीत तिच्यावर बंदी आहे आणि बाब अमली पदार्थांच्या कायद्यात जाते. नुसती पुडीच नव्हे, खसखस लावलेले अनारसे आणि सारणात खसखस घातलेल्या करंज्याही. दुसरं सुकं खोबरं : अख्ख्या वाट्या विमानतळावर काढून ठेवतात, कारण तेलामुळे त्या आपोआप तापून पेटू शकतात. औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. झोपेच्या आणि मनोविकाराच्या गोळ्यांची आधी चौकशी करा. व्हिसाचे नियम रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावरच पाहा, ते बदलत असतात. संकटात फिरवायचा क्रमांक ९९९९.

कोर्लई_बुरूज
थोडं विषयांतर. मस्कतच्या बंदरावरचे जलाली आणि मिरानी हे किल्ले पाहून आपल्या माणसांना कोर्लई, रेवदंडा आठवेल आणि ते बरोबरच आहे. पोर्तुगीजांनी मस्कत १५०७ मध्ये घेतलं, ते किल्ले सध्याच्या रूपात १५८० च्या दशकात बांधले, आणि १६५० मध्ये ओमानींनी त्यांना हाकललं. वसई मराठ्यांनी घेतली १७३९ साली, म्हणजे ओमानी जवळजवळ ९० वर्षं पुढे. वाडीत इतिहासाची आवड असलेलं कोणी असेल तर या तारखा एका कागदावर लिहून न्या. बुरुजाचं तोंड समुद्राकडे का, हे दोन्ही किनाऱ्यांवर सारखंच आहे.

खाजण
बुरुजांवरून पुन्हा जमिनीवर येतो, कारण जिवाचा धोका तिथे आहे.

एक, समुद्र. खरीफात धोफारचा समुद्र आपल्या आषाढासारखाच खवळलेला असतो. मुघसैलच्या किनाऱ्यावर खडकाच्या भोकांतून लाटेचं पाणी कारंज्यासारखं उसळतं. कठड्याच्या आतच उभं राहायचं. पोहायचा विचारही नको. दोन, धुकं. सलालाहून डोंगरात चढणाऱ्या रस्त्यावर समोरची गाडी दिसत नाही आणि मधेच उंट उभा असतो. गाडी उजव्या बाजूने चालते, हे आपल्या चालकाच्या अंगवळणी नाही. धुक्यात पहिल्याच दिवशी स्वतः चालवू नये. तीन, वादी, म्हणजे तिथला ओढा. कोरडं पात्र बघून त्यात सतरंजी पसरायची नाही. वर आभाळ निळं असलं तरी डोंगरात पडलेला पाऊस मिनिटांत खाली येतो, आणि उघड्या खडकात पाणी मुरायला माती नसते. आपल्या वहाळाला निदान वरच्या पावसाचा आवाज येतो. तिथे तोही नाही. चार, मस्कत ते सलाला रस्त्याने सुमारे १,००० किलोमीटर, बहुतेक सपाट वाळवंट. वयस्कर माणसांना विमानच.

सुरंगी
लोबानाचं झाड पाहायला विसरू नका. सलालाच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर वादी दौका. खाजण यांच्या छेदात पाहिलंत तर ते झाड धुक्याच्या हिरव्या पट्ट्यात नाही, धुकं संपतं तिथून पलीकडे नज्दच्या कडेला आहे. त्याला समुद्राची गार झुळूक हवी, पण ओल नको. सालीवर बारीक चीर देतात, दूध पाझरतं, काही दिवसांनी वाळून मण्यासारखं होतं. पहिल्या चिरेचा डिंक टाकून देतात, नंतरच्या चिरांचा माल चांगला. विकत घेताना फिकट, किंचित हिरवट, आरपार दिसणारे मणी निवडा. तपकिरी आणि धुळकट हे हलके.

कातळसडा
सगळ्यांचे मनापासून आभार. आता मूळ प्रश्नाकडे येतो. असं ठरवतोय : पहिले दोन आठवडे भूमी, पुढचे तीन भाषा, शेवटचा रीतभात आणि पिशवी. योग्य आहे का?

शिरवाळे
रीतभात शेवटच्या आठवड्यात नको. तेव्हा सगळ्यांचं लक्ष तिकिटं आणि औषधांकडे असतं. कप हलवणं, उजवा हात, सलाम हे पहिल्या दिवसापासून रोज पाच मिनिटं. सवय वाचनाने लागत नाही.

पाटपाणी
भाषेलाही तीन आठवडे वेगळे काढू नका. रोज पाच शब्द आणि एक वाक्य, सहा आठवडे. रविवार सोडून ३६ दिवसांत १८० शब्द होतात. त्यातले ५० आधीच येतात. रविवारी फक्त उजळणी. प्रत्येकाने वेगळा विषय घ्यावा : एकाने मासळी (सुरमई 'कनअद', कोळंबी 'रोबयान', तारली 'ऊमा'), एकाने पाणी-शेती, एकाने पैसे. ११ जण आहात तर ११ वह्या होतील.

देवगड_५
मासळीवाल्याने एवढं लक्षात ठेवावं की कनअदची पकड तिथे १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर बंद असते, आपल्या १ जून ते ३१ जुलैच्या बंदीसारखी. १५ तारखेनंतर सुरमई मागायची नाही.

कातळसडा
शिरवाळेताई, पाटपाणी, दोघांचं मान्य. रविवारी देवळाच्या पडवीत दोन्ही छेद खडूने फरशीवर काढतो, म्हणजे सगळ्यांना एकदम दिसतील. वाट्या प्रत्येकाने घरून आणायच्या. खाजण, कारा डोंगराची उंची किती धरू?

खाजण
८०० ते ९०० मीटर धरा. सह्याद्रीचा कडा आंबा घाटाजवळ जेवढा दिसतो, त्याहून थोडा उंच. आणि नज्दचा पट्टा फरशीवर नीट रुंद काढा, तिथेच लोबान उगवतं.